एलईडीच्या परिपथात रेझिस्टरची निवड व उपयोग

उच्च प्राथमिक वर्गांत विद्युत हा विषय शिकविताना पूर्वी टॉर्चचा बल्ब, दोन कोरडे घट आणि तारेचे तुकडे एवढ्या साहित्यावर काम भागत असे. आता त्या बल्बची जागा बहुतेक ठिकाणी एलईडी दिव्याने घेतली आहे. हा दिवा स्वस्त असतो, निरनिराळ्या रंगांत मिळतो आणि मुलांना आवडतो. तथापि बल्बच्या सवयीने त्याची जोडणी केली असता तो क्षणभर लखलखून कायमचा विझतो, हा अनुभव अनेक शाळांतून येतो. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी असे झाले तर दुसरा दिवा आणण्यास वेळ उरत नाही. वर्गात झाले तर नुकसान अधिक होते. वस्तूच खराब होती एवढा एकच निष्कर्ष मुले त्यातून काढतात आणि पुढील वर्षी शिक्षकही तो प्रयोग फळ्यावरील आकृतीने भागवितात.

वस्तू खराब नसते. त्या परिपथात रुपया-दोन रुपयांचा एक रेझिस्टर घातलेला नसतो, किंवा घातला असला तरी डब्यातून प्रथम हाती आला तो घेतलेला असतो. कोणता रेझिस्टर घ्यावा हे ठरविण्यास एक वजाबाकी आणि एक भागाकार पुरतो, व ते गणित सातवीच्या विद्यार्थ्यास येते.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. विद्युतधारेस ठरावीक प्रमाणात अडथळा करणारा जो लहानसा, दोन तारांचा भाग मिळतो त्यास पाठ्यपुस्तकांत ‘रोध’ म्हटलेले आढळते. दुकानात ‘रेझिस्टन्स’ मागितला तरी तोच हाती येतो. ‘रोधक’ हा शब्द मात्र येथे टाळलेला बरा. रबर, लाकूड यांसारख्या पदार्थांना विद्युतरोधक म्हणण्याची रीत असल्यामुळे, रेझिस्टरमधून धारा मुळीच जात नाही असा मुलांचा समज होतो. यास्तव या लेखात वस्तूस रेझिस्टर व तिच्या अडथळ्यास रोध असे म्हटले आहे. तसेच विभवांतरास बोलण्यातील ‘दाब’ हाच शब्द योजला आहे.

बल्बला रेझिस्टर लागत नसे आणि एलईडीला तो का लागतो, हा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच. न विचारल्यास शिक्षकांनी तो विचारावा. बल्बमधील बारीक तार हीच एक प्रकारचा रेझिस्टर होय. २.५ व्होल्ट व ०.३ ॲम्पिअर असे लिहिलेल्या बल्बच्या तापलेल्या तारेचा रोध सुमारे ८ ओहम असतो. शिवाय तार जसजशी तापते तसतसा तिचा रोध वाढतो, म्हणजे बल्ब आपल्यापुरता लगाम आपणच ओढून धरतो. एलईडीचे वर्तन याच्या अगदी उलट असते. तांबड्या एलईडीवर दीड व्होल्ट दाब दिला तर त्यातून जवळजवळ काहीच धारा वाहत नाही. दाब दोन व्होल्टच्या आसपास पोहोचला म्हणजे तो नीट उजळतो. त्यापुढे मात्र दाबात अगदी थोडी वाढ झाली तरी धारा कित्येक पटींनी वाढते. त्या धारेने दिवा तापतो. आणि तापलेल्या दिव्यातून त्याच दाबाला आणखी धारा जाते. नेहमीच्या ५ मिलिमीटर व्यासाच्या एलईडीची सतत सोसण्याची मर्यादा साधारणतः २० मिलिॲम्पिअर असते. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला तो थेट जोडला तर ही मर्यादा क्षणात ओलांडली जाते. त्याला स्वतःचा लगाम नसल्यामुळे तो बाहेरून घालावा लागतो, आणि रेझिस्टरचे काम तेच आहे.

बटणासारख्या चपट्या घटावर एलईडी थेट लावला तरी तो जळत नाही, असा प्रतिवाद एखादा चौकस विद्यार्थी करील. त्याचे निरीक्षण बरोबर आहे. त्या घटाच्या पोटातच पुरेसा अंतर्गत रोध असतो, म्हणून दिवा वाचतो. परंतु हे चपटे घट प्राथमिक शाळेत वापरूच नयेत. लहान मुलाने असा घट गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. पहिली-दुसरीची मुले ज्या आवारात वावरतात तेथे प्रयोगासाठी टॉर्चचे घटच बरे.

आता गणित. समजा, ९ व्होल्टची बॅटरी आहे आणि तांबडा एलईडी लावावयाचा आहे. एलईडी स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. धारा किती हवी हे आपण ठरवावयाचे. २० मिलिॲम्पिअर ही मर्यादा आहे, गरज नव्हे. १० मिलिॲम्पिअरमध्ये दिवा वर्गाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसतो. ओहमच्या नियमाप्रमाणे दाबास धारेने भागले की रोध मिळतो. दशांश अपूर्णांकांनी मुले गोंधळू नयेत म्हणून उरलेल्या व्होल्टना १००० ने गुणून मिलिॲम्पिअरने भागावे. ७ × १००० ÷ १० = ७००. म्हणजे ७०० ओहमचा रेझिस्टर हवा.

दुकानात ७०० ओहमचा रेझिस्टर मागितला तर बहुधा मिळत नाही, आणि येथेच कित्येकांचा उत्साह मावळतो. नेहमीच्या मालिकेत १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ व ८२ या बारा संख्या आणि त्यांच्या दहापट, शंभरपट किमती एवढेच रेझिस्टर असतात. या संख्या वरवर पाहता विचित्र वाटतात. त्यांमागील विचार असा, की प्रत्येक संख्या मागील संख्येच्या सुमारे १.२१ पट आहे. प्रत्येक किमतीत शेकडा १० कमीअधिक चूक गृहीत धरली, तर एकीची हद्द संपते तेथे जवळजवळ दुसरीची सुरू होते. उदाहरणार्थ, ४७ मध्ये शेकडा १० मिळविल्यास ५१.७ होतात व ५६ मधून शेकडा १० वजा केल्यास ५०.४ उरतात, मध्ये फट राहत नाही. शेकडेवारीचा हा पडताळा मुलांकडून उरलेल्या संख्यांवर करून घेतल्यास गणिताचा एक तास उत्तम जाईल. कोठे दोन हद्दी एकमेकींवर चढतात, तर कोठे किंचित फट राहते, हे त्यांचे त्यांना आढळेल.

तेव्हा ७०० ऐवजी ६८० ओहमचा रेझिस्टर घ्यावा. धारा १० ऐवजी सुमारे १०.३ मिलिॲम्पिअर होईल. रेझिस्टरवर शेकडा ५ चूक लिहिलेली असली म्हणजे तो प्रत्यक्षात ६४६ पासून ७१४ ओहमपर्यंत कितीही असू शकतो, तरीही डोळ्यांना प्रकाशात फरक दिसत नाही. उत्तर किती अचूक असणे आवश्यक आहे, हा विचार प्रत्यक्ष कामात नेहमी करावा लागतो. पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत तो क्वचितच येतो. ६८० चा नसेल तर ३३० चे दोन एकसर जोडून ६६० करावेत, किंवा १००० व २२०० ओहमचे दोन समांतर जोडावेत. त्यांचा मिळून रोध सुमारे ६८७ ओहम भरतो.

शाळांतून नेहमी लागणाऱ्या जोडण्या थोड्याच आहेत. दीड व्होल्टचे दोन घट व तांबडा एलईडी असल्यास उरतो १ व्होल्ट, म्हणून १०० ओहम. तीन घट म्हणजे साडेचार व्होल्ट; तांबड्यासाठी २५० येतात, तेथे २७० ओहम घ्यावा. पांढरा व निळा एलईडी सुमारे ३ व्होल्टपेक्षा किंचित अधिक दाब घेतो, म्हणून तो दोन घटांवर मंद लागतो किंवा लागतच नाही. तीन घटांवर त्यास १५० ओहमचा रेझिस्टर द्यावा. हिशेबाबद्दल शंका असेल तेव्हा नेहमी मोठा रोध घ्यावा. रोध जास्त झाला तर दिवा मंद लागतो, कमी झाला तर तो कायमचा जातो. आजचे एलईडी १ ते २ मिलिॲम्पिअरवरही स्पष्ट दिसतात. ९ व्होल्टवर ४७०० ओहम लावला तरी तांबडा दिवा पेटलेला दिसतो. वर्गात याचाच पाठ करता येतो. दहा हजार ओहमपासून आरंभ करून ४७००, २२००, १००० व ६८० असे क्रमाने लावावेत आणि प्रत्येक वेळी धारा किती होईल हे मुलांनी आधी पाटीवर काढावे. प्रकाश वाढताना दिसतो आणि एकही दिवा खर्ची पडत नाही.

रेझिस्टरच्या अंगावर आकडे नसतात, रंगांचे पट्टे असतात. काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा पुढे किती शून्ये द्यावयाची ते सांगतो आणि चौथा चुकीची मर्यादा दाखवितो. सोनेरी म्हणजे शेकडा ५, रुपेरी म्हणजे शेकडा १०. सोनेरी पट्टा उजव्या हाताकडे ठेवून डावीकडून वाचावे. निळा, करडा, तपकिरी म्हणजे ६, ८ व एक शून्य, अर्थात ६८० ओहम. निळसर अंगाच्या रेझिस्टरवर बहुधा पाच पट्टे असतात. तेथे पहिले तीन आकड्यांचे व चौथा शून्यांचा समजावा.

हे कोष्टक पाढ्यांसारखे घोकून घेण्याची घाई करू नये. ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले तर चार-सहा दिवसांत पाठ होते. खरी अडचण निराळीच आहे. तपकिरी, तांबडा व नारिंगी हे पट्टे मंद उजेडात सारखेच भासतात, आणि १००, १००० व १०,००० ओहमच्या रेझिस्टरांत फरक असतो तो नेमका या तिसऱ्या पट्ट्याचाच. म्हणून पट्टे वाचण्याचे काम खिडकीपाशी करावे. याखेरीज काही मुलांना तांबडा-हिरवा किंवा तपकिरी-हिरवा हा भेद जन्मतःच नीट दिसत नाही. मुलींपेक्षा मुलांत हे अधिक आढळते आणि पुष्कळदा त्या मुलास व त्याच्या पालकांस त्याचा पत्ताही नसतो. एखादा विद्यार्थी गणितात चांगला असूनही पट्टे वारंवार चुकीचे सांगत असेल, तर त्यास निष्काळजी ठरवून बोल लावू नये. त्याच्या हाती मल्टिमीटर द्यावा आणि पालकांना भेटून डोळे तपासून घेण्यास शांतपणे सुचवावे.

रोधाबरोबर दुसरी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे रेझिस्टर किती उष्णता सोसू शकतो. ती वॅटमध्ये सांगतात. नेहमी मिळणारा सुमारे ६ मिलिमीटर लांबीचा रेझिस्टर पाव वॅटचा असतो. वरील ६८० ओहमच्या उदाहरणात ७ व्होल्ट व सुमारे ०.०१ ॲम्पिअर यांचा गुणाकार ०.०७ वॅट येतो; रेझिस्टर थंडच राहतो. याउलट तीन घटांना १० ओहमचा रेझिस्टर नुसताच जोडला, तर ४.५ × ४.५ ÷ १० म्हणजे सुमारे २ वॅट उष्णता त्यात निर्माण होते. पाव वॅटच्या वस्तूवर हा आठपट भार झाला. तो धुरावतो, त्याचे पट्टे काळे पडतात, आणि तो काढावयास गेलेले बोट भाजते. मर्यादेच्या निम्म्याहून अधिक भार शाळेतील जोडणीत येऊ देऊ नये.

या सर्व खटाटोपाचे अध्यापनातील मोल एका जुन्या गैरसमजाच्या दुरुस्तीत आहे. धारा घटातून निघते, वाटेत खर्च होत जाते आणि उरलेली परत येते, असे बहुतेक मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते. म्हणून रेझिस्टर एलईडीच्या ‘आधी’ लावावा की ‘नंतर’, यावर वर्गात हमखास दोन तट पडतात. येथे उत्तर सांगू नये. एकाच पुडीतील दोन तांबडे एलईडी घ्यावेत, ९ व्होल्टच्या बॅटरीवर ६८० ओहमच्या रेझिस्टरच्या दोन्ही बाजूंस एकेक एकसर जोडावा, आणि बॅटरी लावण्यापूर्वी कोणता अधिक उजळेल हे प्रत्येकाकडून लिहून घ्यावे. दोन्ही दिवे सारखेच लागतात. दोन दिव्यांचे ४ व्होल्ट वजा जाता ५ उरतात व धारा सुमारे ७ मिलिॲम्पिअर होते. ती त्या साऱ्या वाटेवर एकच असते. ज्यांचा अंदाज चुकला त्यांना बोलू द्यावे. या पाठातील सर्वांत चांगली चर्चा त्यांच्याकडूनच होते.

दिवे समांतर लावताना मात्र काटकसर नडते. तांबडा व पांढरा एलईडी समांतर जोडून दोहोंना मिळून एकच रेझिस्टर दिला, तर तांबडा लागतो आणि पांढरा अंधारात राहतो; तांबडा दाबाला २ व्होल्टच्या वर चढूच देत नाही. समांतर जोडणीत प्रत्येक दिव्यास स्वतंत्र रेझिस्टर असावा. एलईडीचा लांब पाय धन बाजूस येतो हेही सांगावे. उलटा लावलेला दिवा लागत नाही, आणि बरेच एलईडी ५ व्होल्टहून अधिक उलटा दाब सोसण्यासाठी बनविलेले नसतात.

ज्या नियमावर हे सारे उभे आहे तो शोधणारा गेओर्ग झिमोन ओहम हा जर्मनीतील कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकविणारा शिक्षक होता. वडील कुलुपे बनविणारे. त्यामुळे उपकरणे स्वतः घडविण्याचा हात त्यास घरीच मिळाला. त्याच्या प्रयोगांतील पहिली अडचण आपल्या शाळांतील अडचणीसारखीच होती. त्या काळातील घटांचा दाब प्रयोग चालू असताना बदलत जाई आणि मोजमापे जुळत नसत. तेव्हा त्याने घट बाजूस ठेवून बिस्मथ व तांबे यांचा जोड वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला म्हणजे दाब स्थिर मिळे. १८२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आरंभी त्याची उपेक्षा झाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ली पदक दिले. वर्गात मोजमाप जुळेना झाले की प्रथम घटांचा दाब तपासावा, हे या हकिकतीसोबत सांगितले तर मुलांच्या लक्षात राहते.

आतापर्यंतचे सर्व गणित घटांसाठी आहे. घरातील २३० व्होल्टच्या विजेसाठी ते कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, आणि ही सूचना प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी द्यावी. ज्या मुलास आज एलईडीची भीती उरली नाही, ते उद्या गणपतीच्या आराशीतील बंद पडलेली दिव्यांची माळ उघडून पाहील. दिवे तेच, तेवढेच लहान. परंतु अशा कित्येक माळा थेट घरगुती विजेवर चालतात व त्यांच्या उघड्या तारेस लागलेला हात प्राणावर बेततो. ६८० ओहमचा तोच रेझिस्टर २३० व्होल्टवर लावल्यास २३० × २३० ÷ ६८० म्हणजे सुमारे ७८ वॅट, पाव वॅटच्या वस्तूवर! एवढे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. नुसत्या मनाईपेक्षा ते अधिक परिणाम करील. मोबाइलचे जुने चार्जरही प्रयोगासाठी घेऊ नयेत. त्यांवर ५ व्होल्ट लिहिलेले असले तरी हलक्या प्रतीच्या चार्जरच्या आतील बंदोबस्ताचा भरवसा नसतो.

मल्टिमीटरने रोध मोजताना रेझिस्टर परिपथातून बाहेर काढावा. घट जोडलेला असता रोध मोजू नये. दोन्ही टोके बोटांनी धरू नयेत. लाखो ओहमच्या रेझिस्टरवर शरीराचा रोध समांतर येऊन आकडा कमी दिसतो. रेझिस्टरची तार अंगाला चिकटून वाकवू नये, दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून वाकवावी. जोडणीसाठी ब्रेडबोर्ड किंवा क्रोकोडाइल क्लिपा पुरतात. झाळकाम मुलांच्या हाती देऊ नये.

खरेदी करताना पाव वॅटचे व शेकडा ५ चुकीचे रेझिस्टर मागावेत. १००, १५०, २७०, ३३०, ६८०, १०००, २२००, ४७०० व १०,००० ओहमचे प्रत्येकी दहा घेतले म्हणजे एका वर्गास गटवार प्रयोग करण्यास पुरेसे होतात. ते एकत्र डब्यात टाकू नयेत. रिकाम्या काडेपेट्यांवर किंमत व पट्ट्यांचे रंग लिहून एकेका पेटीत एकेक प्रकार ठेवावा, आणि तास संपल्यावर ते वाचून परत पेटीत घालण्याचे काम आळीपाळीने विद्यार्थ्यांकडे द्यावे.